केसो जोश्याचं प्रस्थान

या रे, सरका जरा. दामू, पाय आत घे. आणि हुंकार द्यायचा बरं का, नाही तर मी आपली भिंतीला गोष्ट सांगत बसायची. हं.

तर एक होतं गाव. आता गाव म्हटलं की तुम्हाला लगेच राजा हवा. पण या गावाला राजा नव्हता, जोशी होता. केसो जोशी त्याचं नाव. कुण्या राजाचं चालत नसेल इतकं त्या गावात केसो जोश्याचं चालायचं. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, कुणाला विहीर खणायची, कुणाचं बाळ उष्टावायचं, सगळे उठून त्याच्याकडे. मग तो पंचांग उघडायचा, बोटांची पेरं मोजायचा आणि सांगायचा, "बुधवारी, सूर्य दोन कासरे वर आला की." आणि त्या वेळी कुदळ मारली की विहिरीला पाणी लागायचंच. खोटं नाही सांगत.

आणि कुणाला लांब गावाला जायचं असेल तर? तर जोशी निघायची वेळ काढून द्यायचा. पण समजा, वेळ आहे आज सकाळची, आणि गाय आज व्यायलीये, निघता येत नाही. मग काय करायचं? मग प्रस्थान ठेवायचं. म्हणजे काय, तर एका फडक्यात मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड बांधायचं आणि ते गाठोडं त्या चांगल्या वेळेला, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेवटच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस घरात, पण त्याचं निघणं झालं. मग पाच दिवसांत केव्हाही निघावं, गाठोडं उचलावं आणि वाटेला लागावं. पाच दिवस उलटले की प्रस्थान शिळं.

ही गाठोडी केसो जोशी स्वतः बांधायचा. आणि बांधताना हाक मारायचा, "आवडे, बोट!" की आतून त्याची लेक धावत यायची. एवढीशी पोर. पहिला पीळ पडला की त्यावर आपली तर्जनी दाबून धरायची, म्हणजे गाठ सैल पडत नाही. आणि म्हणायची, "धरलंय. आवळा, बाबा." मग तो आवळायचा. कधीकधी बोट आतच अडकायचं आणि दोघं हसत सुटायचे.

आवडीला आई नव्हती रे. आवडी तान्ही असतानाच, माहेरून सांगावा आला म्हणून तिची आई घाईघाईने निघाली, पंचांग बघायलाही थांबली नाही. तिकडे ताप आला आणि ती परत आलीच नाही. गेली ती तापाने. पण केसो जोश्याच्या मनाने घेतलं की वेळ चुकली म्हणून गेली. तेव्हापासून तो दुसऱ्यांचे मुहूर्त चुटकीसरशी काढायचा, आणि घरच्यांचा काढायचा झाला की चारचारदा पेरं मोजायचा.

बघता बघता आवडी मोठी झाली. तिच्या लग्नासाठी जोश्याने अकरा पत्रिका पाहिल्या. अकरावी अशी जुळली, अशी जुळली, की छत्तीसातले चौतीस गुण! गाव तेवढं लांब होतं, पूर्वेला, नदीपलीकडे, घाटावर, चार दिवसांच्या वाटेवर. पण चौतीस गुण म्हटल्यावर जोशी हरखून गेला. आणि मग त्याने लग्नाचा मुहूर्त असा धरला की तसा शंभर वर्षांत आला नव्हता. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आवडी गेली.

पण जोश्याने ग्रह पाहिले, घराणं पाहिलं, मुलगा पाहिला, त्या गावचं पाणी काही पाहिलं नाही. आणि खोड होती पाण्यातच. त्या गावात एकच विहीर. गोड, थंडगार पाणी. पण ते पिता पिता बाहेरून आलेल्या माणसाला मागचं विसरायला व्हायचं. हळूहळू हं, एकदम नाही. म्हणून तिथल्या सुना दर वर्षी नागपंचमीला माहेरी जायच्या, माहेरचं पाणी प्यायच्या आणि पुन्हा सगळं आठवून यायच्या. पण एकटीने निघायची रीत नव्हती. माहेराहून न्यायला माणूस यावा लागे. मुराळी म्हणतात त्याला. आणि तीन नागपंचम्या मुराळी आला नाही, तर तिसऱ्या नागपंचमीचा सूर्य मावळताना त्या सुनेच्या मनातून माहेर कायमचं पुसलं जाई. अगदी स्वतःचं पाळण्यातलं नावसुद्धा.

हुंकार कुठे गेला? हं.

आता आवडीला ना भाऊ ना काका. मुराळी म्हणून जायचं ते बापानेच.

पहिलं वर्ष झालं. आषाढ सरत आला आणि गावात गणबा कासार आला, पाठीवर बांगड्यांच्या माळा घेऊन. तो गावोगाव सुनांच्या हातात बांगड्या भरायचा आणि त्यांचे निरोप आणायचा. म्हणाला, "जोशीबुवा, आवडीताईंनी निरोप दिलाय. चांगला लांबलचक आहे, पाट द्या." मग पाटावर बसून त्याने सांगितलं. बाबांची उपरणी धुवायला कोण आहे? बकुळीखालची फुलं कोण वेचतं? कपिलेला शिंग धरून ओढू नका, तिला आवडत नाही. आणि बाबा, मला न्यायला या.

जोश्याने डोळे पुसले, पंचांग उघडलं, चांगली वेळ काढली आणि प्रस्थान बांधलं. पूर्वेला शेवटचं घर सगुणा कुंभारणीचं. तिच्या कोनाड्यात गाठोडं ठेवलं. सगुणा फटकळ, पण मनाची चांगली. ती म्हणाली, "जोशीबुवा, गाठ सैल दिसती."

"बोट ठेवायला कुणी नाही ना," जोशी म्हणाला.

मग दुसऱ्या दिवशी तो निघाला, तर मांजर आडवं गेलं. तिसऱ्या दिवशी चंद्र बरा नव्हता. चौथ्या दिवशी उंबऱ्यात पाय ठेवला आणि शेजारी कुणी शिंकलं. पाचव्या दिवशी, झालं, अवस. असं करता करता पाच दिवस उलटले. जोश्याने गाठोडं घरी आणलं आणि तांदूळ पाखरांना घातले.

आठवण का येत नव्हती? अरे, जीव तुटायचा त्याचा. जेवायला बसताना दोन पाट मांडायचा आणि मग एक उचलून ठेवायचा. पण भीती वाटायची. एकदा वेळ चुकली होती तर बायको गेली. आता चुकली आणि लेकीला काही झालं तर? दुसऱ्या कुणाची लेक असती तर त्याने घटकेत वेळ काढून दिली असती.

दुसऱ्या वर्षी गणबा आला. या खेपेला त्या विहिरीची खोड त्यानेच सांगितली, आणि निरोप तीनच वाक्यांचा. बाबा, आपल्या गाईचं नाव काय होतं? जिभेवर येतं आणि जातं. मला न्यायला या.

जोश्याने पंचांग पुढे ओढलं. पुन्हा वेळ काढली, पुन्हा प्रस्थान ठेवलं. आणि पुन्हा तेच, आज हे, उद्या ते. पाच दिवस गेले. पंचांगात खोट शोधायला बसलं की सापडतेच रे. शोधणारा घाबरलेला असला की आणखीच सापडते.

मग तिसरं वर्ष. जोशी रोज वेशीपर्यंत जाऊन कासाराची वाट बघायचा. गणबा आला, पण पाटावर बसला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "जोशीबुवा, निरोप असा की..." आणि थांबला.

"बोल की."

"म्हणाल्या, 'कासारदादा, माझ्या माहेरी अंगणात एक झाड होतं. कुठलं ते विचारून या.' मी म्हटलं, 'न्यायला या म्हणून सांगू ना?' तर म्हणाल्या, 'कुणाला सांगणार? कोण आहे माझं तिकडे?'"

जोश्याने बोटांवर दिवस मोजले. तिसरी नागपंचमी अकरा दिवसांवर आली होती. त्याने त्याच आठवड्यात प्रस्थान ठेवलं, गुरुवारी, चांगली वेळ बघून. अंगावरचं उपरणं काढून त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं. गाठ दोनदा निसटली. शुक्रवार गेला. शनिवारी आणि रविवारी तो दारापर्यंत गेला आणि परतला. सोमवार उजाडला. पाचवा दिवस. आणि त्यात दिव्यांची अवस! अवसेला प्रवास नाही, सोमवारी पूर्वेला तर नाहीच नाही. जोशी मान खाली घालून सगुणाकडे गेला, गाठोडं परत आणायला.

सगुणा ओसरीवर पाट मांडून दिवे पुसत बसली होती. कोनाडा रिकामा.

"सगुणे, गाठोडं कुठंय?"

"गेलं."

"गेलं? कुणी नेलं?"

"कुणी न्हाई नेलं. मीच बोलले त्याला सकाळी. म्हटलं, तीन वर्सं बघतीया, मुहूर्तावर निघता आन् माझ्या कोनाड्यात बसता. मालकाच्यानं जाववत न्हाई तर तू तरी जा की! तर टुणकन खाली उतरलं आन् गेलं बघा त्या वाटेनं."

आणि खरंच! वाटेवर, लांब, पांढरं गाठोडं चाललं होतं. टुण, टुण, टुण. मग जोश्याची पाचावर धारण बसली. निघालेलं प्रस्थान मागे आणायचं नसतं, आणि मालकाला सोडून एकटं जाऊ द्यायचंही नसतं. पंचांग घरी, काठी घरी, पायात वहाण नाही. आणि मुहूर्त? त्याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. सगुणा ओरडली, "पळा की, बघता काय!" आणि जोशी पळाला.

वेशीपाशी आला आणि पाय अडखळले. सोमवार, पूर्व, अवस. जाऊ की नको? तो थांबला, तसं पुढे गाठोडंही थांबलं. आणि सैल गाठीतून टप्पकन सुपारी पडली, गडगडत गटारात गेली. जोश्याच्या लक्षात आलं, आपण थांबलो की ते सांडतं. मग तो पुन्हा पळायला लागला.

एक दिवस चालला. नदी आली. आषाढाचं पाणी दुथडी वाहत होतं. नावाडी म्हणाला, "बसा, महाराज, सुटतेच आता." जोशी सवयीने पेरं मोजायला लागला, राहुकाळ तर नाही ना, कुठला होरा चाललाय. इकडे गाठोड्याने नावेत उडी मारली आणि नाव सुटलीसुद्धा. अर्ध्या नदीत जोश्याच्या देखत गाठीतून हळकुंड निसटलं आणि पाण्यात गेलं. दुसरी नाव मिळेपर्यंत अख्खा दिवस गेला. काठावर बसून तो कपाळावर हात मारून घेत होता. एवढंच का, रडलासुद्धा. मोठी माणसं रडतात, हो.

मग घाट लागला. पाय रक्ताळले, उपाशी पोट. तरी चालला. पुढच्या वळणावर पांढरं गाठोडं दिसायचं, आणि तो तिथे पोचेपर्यंत त्याच्या पुढच्या वळणावर. ऐन घाटमाथ्यावर एक गुराखी समोर आला आणि, "आक्छी!" शिंकला.

काय केलं असेल जोश्याने? परतला? छे! म्हणाला, "शिंक, बाबा. पावसात भिजला असशील, सुंठ घे." आणि पाय न थांबवता तसाच पुढे गेला. पण गाठ आता पारच सुटायला आली होती, वाटेवर तांदूळ सांडत होते. जोशी वाकून वाकून ते वेचत चालला. सगळे मिळून एक मूठ भरली. तेवढीच मूठ घट्ट धरून तो त्या गावात पोचला.

तो दिवस नागपंचमीचा. दुपार कलली होती. झाडांना झोके बांधलेले. ज्यांचे मुराळी आले त्या सुना केव्हाच माहेरी गेल्या होत्या. विहिरीवर एकटी एक सून पाणी ओढत होती. गाठोडं टुणटुणत तिच्या पायाशी गेलं आणि उलगडून पडलं. नुसतं उपरणं.

जोशी पोचला. आवडीच होती. गालावर तीच खळी. पण जरा वाळली होती.

तिने उपरणं उचललं, झटकलं आणि म्हणाली, "आजोबा, हे तुमचं का? कुणाकडे आलात?"

आजोबा म्हणाली रे बापाला.

जोश्याने तिच्या हातातलं उपरणं घेतलं. आणि म्हणाला, "मुराळी आलोय. आवडीला न्यायला."

"आमच्या गावात आवडी नाही कुणी," ती म्हणाली. "मी सत्यभामा. सासूबाईंना विचारते हवं तर. कुठून चालत आलात एवढं? पाय बघा. पाणी घ्या आधी."

आणि तिने तांब्या पुढे केला. जोश्याने तांब्यात पाहिलं. एकदा त्याच्या मनात आलं, प्यावं हेच पाणी. रोज प्यावं, आणि आपल्याला लेक होती हेही विसरून जावं. पण त्याने तांब्या खाली ठेवला. विसरायचं नव्हतं त्याला. दुखलं तरी चालेल, पण विसरायचं नव्हतं.

सूर्य डोंगराला टेकायला आला. जोशी विहिरीच्या काठावर बसला. म्हणाला, "नको, मुली. उशीर मी केलाय. निघतो." मग त्याने उपरणं मांडीवर पसरलं, मुठीतले तांदूळ त्यात ठेवले आणि बांधायला लागला. गाठ मारली, निसटली. पुन्हा मारली, पुन्हा निसटली. डोळ्यांत पाणी, दिसत काही नव्हतं. तिसऱ्यांदा पीळ दिला.

तर पिळावर एक बोट आलं. तर्जनी. घट्ट दाबून धरलेली.

"धरलंय," ती म्हणाली. "आवळा, बाबा."

आणि स्वतःच दचकली.

जोश्याने गाठ आवळली नाही. दोन टोकं हातात धरून तो तसाच बसून राहिला. तिनेही बोट काढलं नाही. गाठीकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि मग एकेक शब्द आठवत, हळूहळू म्हणाली, "बकुळ. अंगणात बकुळ होती. गाईचं नाव कपिला. आणि माझं... माझं नाव आवडी. बाबा, किती वाट बघायला लावलीत हो!"

"चुकलं माझं," जोशी म्हणाला. "वेळ बघत बसलो."

मग बापलेक रडले, मग हसले, आणि मग गाठ आवळली, तर आवडीचं बोट आत अडकलं! पुन्हा हसले.

तेवढ्यात सासू आली. मुराळी आलेला पाहून तिलाही बरं वाटलं. चौतीस गुण काही अगदीच खोटे नव्हते, माणसं चांगली होती. ती म्हणाली, "व्याहीबुवा, तुम्ही एवढे मोठे जोशी. बघा पंचांग, कधीचं निघणं करता?"

जोशी म्हणाला, "पंचांग घरी राहिलं, विहीणबाई. आत्ता निघतो."

आणि सूर्य मावळायच्या आत दोघं गावाबाहेर पडले. चार दिवसांनी वेशीवर आले, तर सगुणा माठभर पाणी घेऊन उभी. आवडीने पोटभर पाणी प्यायलं, मग बकुळीखाली जाऊन ओंजळभर फुलं वेचली, मग कपिलेच्या गळ्यात पडली. त्या दिवशी जोश्याने दोन पाट मांडले आणि दोन्हींवर माणसं बसली.

पुढेही तो लोकांना मुहूर्त काढून देत राहिला. लग्नाचे, मुंजीचे, विहिरीचे. पण कुणी म्हणालं ना, "जोशीबुवा, लेकीला भेटायला जायचंय, वेळ बघा," की तो पंचांग मिटायचा आणि म्हणायचा, "तू अजून इथेच?" आणि दर आषाढात, भर पावसात का होईना, स्वतः वहाणा घालून निघायचा. आवडी दर वर्षी आली, तिची मुलं आली, सगळी बकुळीखाली खेळली, आणि सगळे सुखात राहिले.

झाली गोष्ट. आता हुंकार नको, डोळे मिटा. दामू, तू अजून जागा? झोपेला कसला आलाय मुहूर्त, झोप.

अगं चिंगे, ही मच्छरदाणीची दोरी सुटली बघ. ये, ठेव बघू बोट. धरलंस? हं. बसली गाठ. जा आता, नीज.